वाड्यातल्या जुन्या लिव्हर रायफलीची किंमत कशी काढायची

रायफल कापडातून बाहेर आली की घरातलं कुणीतरी हमखास चिंच, राख नाहीतर पॉलिश पेपर घेऊन येतं. त्याला तिथेच थांबवा. जुन्या शिकारी लिव्हर रायफलीची (चापाखालचा लोखंडी दांडा, म्हणजे लिव्हर, खालीवर करून चालणारी) निम्मी किंमत तिच्या अंगावर उरलेल्या कारखान्याच्या रंगात असते, आणि तो रंग एकदा घासला गेला की कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही. मऊ सुती फडकं (जुन्या धोतराचं सगळ्यात चांगलं) आणि दोन थेंब बंदुकीचं तेल, एवढंच चालतं. तेही लोखंडाला, लाकडाला नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात अशा रायफली निघतात याचं नवल वाटायला नको. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, तोवर शिकार हा दरबारी रिवाजच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो संपला आणि रायफली पेटाऱ्यात गेल्या. आता वाटणीच्या वेळी, वारसा परवान्याच्या वेळी किंवा वाडा उतरवताना त्या बाहेर येतात आणि पहिला प्रश्न येतो तो 'किती येतील?'

आधी परवाना

किमतीचा विचार करण्याआधी रायफल कायद्याने कुणाची आहे ते बघा, कारण परवान्याशिवायच्या रायफलीची बाजारातली किंमत शून्य आणि धोका मोठा.

'शंभर वर्षांची आहे, अँटिक आहे, तिला लायसन लागत नाही' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. ते अर्धवट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे खरी, पण दुरुस्त करूनही ते चालणार नाही अशी अट तिला जोडलेली आहे. लिव्हर रायफली बहुतेक वेळा एखादी स्प्रिंग बदलली की चालू होतात. तेव्हा ही सूट आपल्याला नाही असं धरूनच चला.

परवानाधारक वारले असतील तर कलम २१ प्रमाणे रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्यासाठी अर्ज करायचा. जमा केल्याची पावती नीट वाचून घ्या. 'एक जुनी रायफल' एवढंच लिहिलेली पावती कामाची नाही. बनावट, मॉडेल, अनुक्रमांक, बोर (नळीचं आणि काडतुसाचं माप), नळीची लांबी, दस्त्यावरची तडा किंवा खूण हे सगळं त्यात हवं, आणि जमा करण्याच्या दिवशीचे फोटो आपल्याकडे हवेत. ओलसर खोलीत दोन पावसाळे काढलेली रायफल परत मिळते तेव्हा तिची मूळ अवस्था दाखवायला दुसरा पुरावा नसतो. जमा करण्याआधी लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवा. आणि रायफल विक्रेत्याकडे जमा असेल तर पुढची सगळी तपासणी त्याच्या दुकानात, त्याच्यासमोर बसून करा. ते कायद्याच्या दृष्टीनेही बरं आणि हाताळण्याच्या दृष्टीनेही.

दोन गोष्टी किमतीवर थेट बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जातात, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच कमी. दुसरं, .३०३ ब्रिटिश हा बोर भारतात प्रतिबंधित आहे. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचं १८९५ हे मॉडेल या काडतुसासाठीही बनत असे. तशी रायफल हाती आली तर खरेदीदार जवळजवळ उरतच नाही, मग रायफल कितीही देखणी असो.

रिकामी आहे का

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. लिव्हर हळू, पूर्ण खाली ओढा. नळीच्या मागच्या खोबणीत आणि काडतूस वर उचलणाऱ्या तुकड्यावर नजर टाका, मग बोट घालून चाचपा. नळीखाली लांब मॅगझिन असेल तर त्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसलेली असतात. स्प्रिंग कुजली की शेवटचं काडतूस आतच अडकून राहतं आणि चार वेळा लिव्हर चालवूनही बाहेर पडत नाही. म्हणून मॅगझिनच्या तोंडाशी धातूचा ढकलणारा तुकडा दिसेपर्यंत रायफल रिकामी मानू नका. लिव्हर अडला तर जोर लावायचा नाही. सत्तर वर्षं सुकलेलं तेल डिंकासारखं झालेलं असतं, आणि जोरात ओढलेल्या लिव्हरने आतला सांधा वाकला की तो नुकसानीचा खर्च किमतीतून वजा. रिकाम्या रायफलीचा चापही टकटक ओढत बसू नका, जुनी फायरिंग पिन तुटते.

ही नक्की लिव्हर रायफल आहे का

आपल्याकडे चापाखाली लोखंडी दांडा दिसला की तिला 'लिव्हरची बंदूक' म्हणायची पद्धत आहे. त्यातल्या बऱ्याच निघतात मार्टिनी जातीच्या. त्यांचा दांडा खाली ओढला की नळीमागचा ठोकळा खाली झुकतो, एक काडतूस हाताने घालायचं, एकच बार काढायचा. मॅगझिन नसतं. काही जुन्या दोननळी बंदुकींनाही चापाखाली दांडा असतो, तो फक्त नळ्या उघडण्यासाठी. त्यांचे बाजार वेगळे. खऱ्या लिव्हर ॲक्शनमध्ये दांडा खालीवर केला की आधीचं टरफल बाहेर उडतं, घोडा मागे चढतो आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत बसतं.

आता ओळख. विंचेस्टर १८७३ चा काडतूस उचलणारा ठोकळा पितळी असतो आणि वरच्या बाजूला सरकतं झाकण असतं. मॉडेलचं नाव दस्त्यात शिरणाऱ्या वरच्या पट्टीवर कोरलेलं असतं. १८८६ हे जॉन ब्राउनिंगने रचलेलं मोठं, जड मॉडेल, .४५-७० सारख्या काडतुसांचं. १८९२ म्हणजे त्याचीच लहान आवृत्ती. १८९४ सगळ्यात जास्त खपलेलं, त्याचं .३०-३० काडतूस १८९५ मध्ये आलं, आणि पुढे या मॉडेलच्या सत्तर लाखांवर रायफली निघाल्या. १८९५ मॉडेल लांबूनही ओळखू येतं: नळीखाली मॅगझिन नाही, चापाच्या पुढे पेटीसारखं मॅगझिन खाली उतरलेलं. मोठ्या शिकारीसाठीचं .४०५ काडतूस १९०४ मध्ये याच मॉडेलसाठी निघालं.

सॅव्हेज कंपनीच्या १८९९ ला बाहेर घोडाच नसतो. तिचं मॅगझिन आत गोल फिरणारं, आणि जुन्या रायफलींच्या डाव्या अंगाला बारीक खिडकीत किती काडतुसं शिल्लक आहेत तो आकडा दिसतो. इथे एक घोळ कायम होतो. सॅव्हेजवर '.३०३ सॅव्हेज' लिहिलेलं असतं आणि जुन्या परवान्यात कारकुनाने नुसतं '.३०३ बोर' लिहून ठेवलेलं असतं. ही दोन काडतुसं वेगळी आहेत, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एक शब्द गाळल्यामुळे रायफल कागदावर प्रतिबंधित बोरची ठरते. किंमत काढण्याआधी परवाना शाखेकडून ही नोंद दुरुस्त करून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत उठून जाईल.

मार्लिन कंपनीच्या १८८९ पासूनच्या मॉडेलांचा वरचा भाग बंद असतो आणि टरफल उजवीकडे पडतं, विंचेस्टरचं वरून उडतं. 'एल टिग्रे' असं कोरलेली रायफल दिसली तर ती विंचेस्टर १८९२ ची स्पेनमध्ये बनलेली नक्कल. चांगली असते, पण भाव विंचेस्टरचा नाही.

अनुक्रमांक भिंगाखाली वाचा. १८७३, १८७६ आणि १८८६ वर तो लिव्हरच्या मागे खालच्या पट्टीवर, १८९२ आणि १८९४ वर चौकटीच्या (लिव्हर आणि घोडा ज्यात बसतात त्या मधल्या लोखंडी भागाच्या) पुढच्या बाजूला पोटाला. सुरुवातीच्या १८७३ वर बोर कोरलेला नसतो, कारण तेव्हा ती एकाच .४४-४० मध्ये मिळायची. बोर नाही म्हणून नकली ठरवू नका.

इंटरनेटवर एकाच अनुक्रमांकाला दोन सालं सापडतात, एक जुन्या छापील तक्त्यांतलं आणि दुसरं कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींतलं. दुसरं धरा. त्याहून पक्कं हवं असेल तर अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या मूळ नोंदवह्या आहेत. फी भरून त्या अनुक्रमांकाची रायफल कोणत्या नळीची, कोणत्या बोरची आणि कधी कारखान्यातून बाहेर पडली याचं पत्र मिळतं. नोंदी सगळ्या नाहीत: १८७३ च्या जवळपास पूर्ण, १८९२ च्या ३,७९,९९९ पर्यंत, १८९४ च्या ३,५३,९९९ पर्यंत, १८९५ च्या फक्त ५९,९९९ पर्यंत. पुढच्या आकड्याची रायफल असेल तर पत्र मिळत नाही, पैसे वाया घालवू नका.

मूळ काय, बदललेलं काय

खरी मेहनत इथे आहे. मॉडेल ओळखायला दहा मिनिटं लागतात, बदल ओळखायला अर्धा दिवस.

नळीची लांबी मोजा. ॲक्शन बंद ठेवून (म्हणजे लिव्हर वर, जागेवर आणून) वेताची किंवा लाकडाची बारीक गुळगुळीत काडी नळीच्या तोंडातून हलकेच आत सोडा, टेकली की तोंडाशी खूण करा आणि टेपने मोजा. १८७३ आणि १८९२ ची रायफल २४ इंच, कार्बाइन (आखूड नळीची आवृत्ती) २०. १८८६ ची रायफल २६, कार्बाइन २२. १८९४ ची रायफल २६, कार्बाइन २०. १८९५ ची .४०५ मधली २४. २४ च्या जागी साडेबावीस भरली तर तोंडाशी गंज आला म्हणून कुणीतरी नळी कापलेली असण्याचीच शक्यता जास्त. खास मागणीवर कमी-जास्त लांबीच्या नळ्याही कारखान्यातून निघत, पण ते कोडीच्या पत्राशिवाय कुणी मानत नाही. माशी (नेम धरायला नळीच्या तोंडाशी बसवलेला उंचवटा) कुठे बसवली आहे तेही बघा. कापलेल्या नळीवर ती पुन्हा बसवताना सोल्डर सांडलेलं असतं किंवा ती मध्यरेषेवरून केसभर सरकलेली असते.

विंचेस्टरचा 'डब्ल्यूपी' हा लंबगोलातला शिक्का १९०५ पासून आला. चौकटीचा अनुक्रमांक त्याआधीचा आणि नळीवर मात्र हा शिक्का असेल तर नळी नंतर बदलली. 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का मात्र दोष नव्हे. इंग्लंडमार्गे आलेल्या परदेशी हत्यारांवर तिथल्या चाचणीगृहात १९२५ पासून तो मारत. रायफल कोणत्या वाटेने आली ते त्यावरून कळतं. नळीवर कलकत्त्याच्या मॅन्टन किंवा रोडा अशा जुन्या विक्रेत्याचं नाव कोरलेलं असेल तर इथल्या संग्राहकाला ते उलट आवडतं.

पुन्हा निळं केलेलं (कारखान्याचा निळसर काळा रंग नव्याने चढवलेलं) लोखंड ओळखायचं तर रायफल खिडकीपाशी न्या, आणि ट्यूबलाइट बंद करा. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाच्या पेराला बोचल्या पाहिजेत. पॉलिश केलेल्या नळीवर अक्षरं उथळ आणि गुळगुळीत होतात, काही ठिकाणी अर्धी पुसतात. स्क्रूच्या भोवतीचा पत्रा बशीसारखा खोलगट झालेला दिसतो. गंजाच्या खड्ड्यांच्या आतही निळा रंग चढलेला असेल तर प्रश्नच मिटला: आधी गंज, मग रंग. अष्टकोनी नळीच्या धारा सरळ असाव्यात, त्या गोलावल्या असतील तर सँडपेपर फिरलेला आहे. काडतुसं भरायच्या बाजूच्या झडपेवर मूळचा रंग मोरपंखी, बाकी अंगापेक्षा उजळ असतो. तो थोडाही शिल्लक असेल तर फोटो जवळून काढा. १८८६ ची चौकट साधारण १९०१ पर्यंत निळी नसे, तांबूस-निळ्या ढगाळ छटांची असे. त्याआधीच्या रायफलीची चौकट एकसारखी काळीनिळी दिसली तर शंका घ्या. याउलट निळा रंग आपोआप उडून राखाडी-तपकिरी झालेली चौकट म्हणजे म्हातारपण, दोष नव्हे. लोकांना ती कळकट वाटते आणि तिलाच ते घासतात.

लाकूड मूळचं अक्रोडाचं. आपल्याकडच्या सुतारांनी पुष्कळ दस्ते सागवानात आणि शिसवीत नव्याने बनवलेले आहेत. काम सुबक असतं, पण संग्राहकाच्या लेखी रायफल तिथेच अर्धी होते. लाकूड-लोखंडाच्या सांध्यावर नख फिरवा. मूळ दस्ता लोखंडापेक्षा अगदी अंशभर उंच असतो. नख लाकडावरून लोखंडावर चढत असेल तर लाकूड घासून खाली गेलंय. वरच्या पट्टीच्या शेवटाला सुरू होणारी बारीक तडा शोधा, ती फार सापडते. पट्टा अडकवायला मारलेल्या हुकांची भोकं मोजा.

इथल्या हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घरातल्या रायफलीत गंज आणि वाळवी शोधायची; वाळवी दस्त्याच्या मागच्या लोखंडी पत्र्याखालून शिरते आणि वरून काही दिसत नाही, बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडे लोखंड बरं असतं, पण लाकूड आक्रसून सांधा सैल झालेला असतो. सांगली-मिरजेत कृष्णाकाठच्या घरातली रायफल असेल तर २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती पाण्यात होती का हे सरळ विचारा. बाहेरून पुसून ठेवलेली असते, पण पुढच्या लाकडाखाली नळीच्या पोटाला आणि मॅगझिनच्या आत गाळ बसतो. तिथे खोल खड्डे पडलेले असतात. हे लाकूड जाणत्या बंदूक कारागिरानेच उतरवावं. घरच्या पेचकसाने स्क्रूच्या खाचा फाटतात, आणि फाटलेली खाच म्हणजे 'ही उघडली गेली आहे' असं रायफलीच्या कपाळावरच लिहिल्यासारखं.

आणि खंडेनवमी. दरवर्षी हत्यार पुजायचं, पाणी शिंपडायचं, हळदीकुंकवाची बोटं ओढायची, झेंडूची माळ घालायची. चौकटीच्या एकाच जागी, बहुधा डाव्या अंगाला, बोटाच्या रुंदीचे तीन-चार उभे गंजलेले पट्टे दिसले तर ते याचे. ओलं कुंकू तसंच राहिलं की त्याखाली लोखंड खात जातं. पूजा करायची असेल तर रायफलीखालच्या कापडावर करा. झालेले पट्टे मात्र घासू नका, तेल लावून गंज वाढायचा थांबवा.

नळीच्या आत

रायफल रिकामी आहे याची पुन्हा खात्री करा, ॲक्शन उघडून खोबणीत पांढरा कागदाचा कपटा ठेवा, त्यावर टॉर्च मारा आणि तोंडाकडून बघा. आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) धारदार आणि चकचकीत, आटे ठळक पण काळपट, खड्डे पडलेले, की आटे जवळपास गेलेले, एवढ्या चार पायऱ्या पुरे. काळ्या दारूचा आणि जुन्या क्षारयुक्त टोप्यांचा मळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून नळी साफ न करता ठेवलेल्या रायफली आतून खाल्लेल्या निघतात. संग्राहक बाहेरच्या रंगाला जास्त मोजतो, नळीला कमी, वापरणारा उलट. आपल्याकडे बोरवरून ठरतं. आपल्या आयुध कारखान्यांची .३०-०६ काडतुसं निघत आली आहेत, त्यामुळे त्या बोरच्या १८९५ ला वापरणारं गिऱ्हाईक मिळू शकतं. .४४-४०, .३८-५५, .४०५ यांची काडतुसं इथे मिळणं दुरापास्त. तिथे नळी कशीही असो, ती रायफल शोभेची आणि संग्रहाची. जुनी काडतुसं सापडली तर ती उडवून बघायची नाहीत, परवान्यात दाखवून विक्रेत्याकडे द्यायची.

'राजेसाहेबांनी दिलेली' रायफल

इतिहास जोडला गेला की किंमत कुठल्या कुठे जाते, हे खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात अनुक्रमांक १ ची विंचेस्टर १८८६ साडेबारा लाख डॉलरांच्या वर गेली, कारण ती अपाची टोळीचा पुढारी जेरोनिमो याला पकडणाऱ्या मोहिमेतल्या कॅप्टन लॉटनची होती आणि तसा कागदोपत्री माग होता. कागद नसता तर ती एक चांगली १८८६ होती, बस्स.

आपल्याकडे तोंडी कथा भरपूर, कागद कमी. चालणारे पुरावे असे: अनुक्रमांक लिहिलेला जुना परवाना, खरेदीची पावती, संस्थानच्या शस्त्रागाराचा शिक्का किंवा क्रमांक, बक्षिसाचं पत्र (मोडीत असेल तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, मूळ कागद लॅमिनेट करू नका), आणि तीच रायफल ओळखता येईल असा जुना फोटो. अंगावर नाव कोरलेलं असेल तर भिंगातून बघा. जुन्या कोरीव अक्षरांच्या तळाशी बाजूच्या लोखंडासारखाच काळसर रंग असतो. तळ चकाकत असेल किंवा अक्षरं झिजलेल्या भागावरूनही तितकीच ताजी चालली असतील तर ती नंतरची. 'हिनेच वाघ मारला' या कथेला बाजारात भाव नाही. आणि वाघाचं कातडं, मुंडकं, नखं रायफलीसोबत विकायला काढाल तर वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा.

आकड्यापर्यंत

अमेरिकेतल्या लिलावांचे निकाल उघडा, पण 'मागितलेली किंमत' सोडून द्या, फक्त विकल्या गेलेल्या रायफली घ्या. तेच मॉडेल, तोच बोर, रायफल तर रायफल आणि कार्बाइन तर कार्बाइन, साधारण तेच दशक, आणि अंगावर उरलेला मूळ रंग जवळपास तेवढाच. असे पाच-सहा निकाल काढा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा टाकून द्या. निकालात खरेदीदाराकडून घेतलेलं लिलावगृहाचं कमिशन धरलं आहे का ते बघा, बहुधा धरलेलं असतं. १८९८ संपेपर्यंत बनलेल्या रायफलींना तिथल्या केंद्रीय कायद्यात बरीच सूट आहे, म्हणून त्यांचा भाव चढा असतो. हा चढ आपल्या कामाचा नाही.

उरलेल्या निकालांचा मध्य १०० धरू. समजा तुमची १८९४ कार्बाइन, .३०-३०, मूळ रंग चाळीस टक्के. दस्त्याला हुकांची दोन भोकं आणि बदललेली माशी: १५ वजा. बाजूची कडी हरवलेली: ५. नळीत खड्डे: १०. राहिले ७०. हे ढोबळ प्रमाण आहे, पण आपला आकडा कुठून आला हे समोरच्याला दाखवता येतं. तीच कार्बाइन पुन्हा निळी केलेली असती तर सुरुवातच ५० च्या खाली झाली असती, आणि मग भोकांचे १५ वजा करायचे नाहीत. अशा रायफलीचं गिऱ्हाईकच वेगळं, त्याला भोकांचं सोयरसुतक नसतं. नळी कापलेली असेल तर त्याहून खाली.

हा झाला तिकडचा आकडा. तो रुपयांत गुणून घरात सांगितला की वाटणीत भांडण ठरलेलं. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे ते डॉलर आपल्यापर्यंत पोचायला वाटच नाही. दुसरीकडे, १९८० च्या दशकापासून शस्त्रांची आयात खाजगी माणसाला जवळपास बंद झाल्याने वापरता येणाऱ्या परदेशी हत्यारांना इथे भलताच भाव असतो. त्यामुळे इथली किंमत तिकडच्यापेक्षा कधी पाव तर कधी जास्तही भरते. ती कळायचा एकच रस्ता: सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे यांपैकी तीन वेगवेगळ्या ठिकाणचे परवानाधारक विक्रेते गाठायचे आणि प्रत्येकाला दोन प्रश्न स्वतंत्र विचारायचे. 'ही तुम्ही कितीला विकाल?' आणि 'मला आज हातात किती द्याल?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे उत्साहाने देतात. वाटणीपत्रात मात्र दुसऱ्या उत्तरांतली मधली रक्कम घाला, कारण ज्या भावाच्या नावावर परवाना होणार तो इतरांना त्या हिशेबानेच पैसे देऊ शकतो. मूल्यांकनाच्या कागदावर एक आकडा लिहू नका, 'इतके ते इतके' असं लिहा आणि तारीख टाका.

निकामी करून भिंतीवर टांगायचा विचार असेल तर तो अगदी शेवटचा ठेवा. त्यानंतर तिचा भाव शोभेच्या वस्तूचा होतो आणि परतीचा मार्ग नसतो.

फोटो बारा-चौदा लागतात: दोन्ही बाजू पूर्ण, चौकट दोन्ही अंगांनी जवळून, वरची पट्टी, अनुक्रमांक, नळीवरची सगळी अक्षरं, शिक्के, माशी आणि मागची खाच, नळीचं तोंड, दस्त्याचा मागचा पत्रा, पुढचं लाकूड, प्रत्येक तडा आणि प्रत्येक भोक. दिवसा सावलीत, फ्लॅशशिवाय. ते विक्रेत्याला आणि मूल्यांकन करणाऱ्याला द्या. व्हॉट्सॲपच्या गटांवर 'विकणे आहे' म्हणून टाकू नका.

थेट दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची ठरली तर त्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या हत्याराची नोंद आधी हवी. मग खरेदीदाराचं नाव-पत्ता आणि विकण्याचा इरादा जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि ४५ दिवस उलटेपर्यंत रायफल हातची सोडायची नाही. विसार घेतलाच तर पावतीवर ही ४५ दिवसांची अट आणि परवानगी अडली तर रक्कम परत, या दोन ओळी लिहून घ्या.